नफा आहे, मग पैसा कुठे आहे?

कंपनीचा नफा आणि कंपनीच्या बँक खात्यातली शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माल पार्टीकडे गेला आणि बिल फाडले की हिशेबाच्या दृष्टीने विक्री झाली. त्या विक्रीतला नफाही त्याच महिन्यात धरला जातो. पैसे मात्र साठ, पंचाहत्तर, कधी शंभर दिवसांनी येतात. मधल्या काळात कामगारांचे पगार, विजेचे बिल, पोलादाच्या व्यापाऱ्याचे देणे आणि सरकारी भरणा यांपैकी काहीच थांबत नाही. वर्षाचा ताळेबंद नफ्याचा आणि पगाराची तारीख मात्र दर महिन्याला ओढाताणीची, ही अवस्था भोसरी, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगाव इथल्या छोट्या कारखानदारांना नवी नाही. ‘काम भरपूर आहे, पण पैसा दिसत नाही’ ही त्यांची नेहमीची तक्रार. या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा विक्रीत सापडत नाही, ते रोकडीच्या नियोजनात सापडते.

हे नियोजन मागे पडण्याला एक सरळ कारण आहे. कंपनी कायदा, २०१३ नुसार आर्थिक पत्रकांत रोख प्रवाहाचे पत्रक असावे लागते. मात्र ‘छोटी कंपनी’ या व्याख्येत बसणाऱ्या कंपन्यांना त्यातून सूट आहे. नफातोटा पत्रक आणि ताळेबंद हे कायद्यासाठी, आयकरासाठी आणि बँकेसाठी तयार होतात, म्हणून ते होतातच. रोकडीचा तक्ता कोणी मागत नाही, म्हणून तो कोणी करत नाही. ज्या कंपन्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याकडेच तो नसतो.

पैशाचे चक्र

रोकडीच्या नियोजनाची सुरुवात एका प्रश्नाने होते: कच्च्या मालासाठी आज दिलेला रुपया किती दिवसांनी परत येतो? उदाहरणासाठी वाहनांचे पत्र्याचे सुटे भाग करणारा एक कारखाना घेऊ. त्याची महिन्याची विक्री जीएसटी सोडून ४० लाख रुपये. कच्चा माल २४ लाखांचा. वाहतूक, जॉबवर्क, टूलिंग असे उत्पादनाबरोबर कमीजास्त होणारे इतर खर्च ४ लाख. पगार, भाडे, कार्यालय, विमा, व्याज असे काही झाले तरी द्यावेच लागणारे खर्च ८ लाख. एकूण खर्च ३६ लाख, नफा ४ लाख. विक्रीवर दहा टक्के नफा म्हणजे धंदा चांगला म्हणावा असा.

आता दिवस मोजू. पत्रा गोदामात सरासरी २० दिवस पडून असतो. प्रेसवर जाऊन, वेल्डिंग आणि रंग होऊन माल गाडीत चढेपर्यंत आणखी १० दिवस जातात. मग ग्राहक कंपनी ७५ दिवसांनी पैसे देते. म्हणजे माल आल्यापासून पैसे येईपर्यंत १०५ दिवस. पत्र्याचा व्यापारी १५ दिवसांची उधारी देतो, ती वजा केली की उरतात ९० दिवस. हे ९० दिवस कंपनीने स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशावर काढायचे असतात. रोजचा खर्च १ लाख २० हजार रुपये धरला तर ढोबळमानाने १ कोटी ८ लाख रुपये कायम या चक्रात अडकलेले राहतात. खेळते भांडवल म्हणतात ते हेच. नफ्याचे चार लाख कुठे गेले, याचे उत्तर गोदामातल्या पत्र्यात आणि ग्राहकाच्या अकाउंट्स विभागात पडलेल्या बिलांत मिळते.

या हिशेबाचा उपयोग असा, की प्रत्येक दिवसाला किंमत लागते. वर दिलेल्या कारखान्यात चक्र एक दिवसाने लहान झाले की सुमारे १ लाख २० हजार रुपये मोकळे होतात. वसुली पंचाहत्तरऐवजी साठ दिवसांत आली तर १८ लाख रुपये हातात येतात आणि त्यावर व्याजही द्यावे लागत नाही. तितकीच रक्कम नफ्यातून साठवायची म्हटली तर निदान वर्ष लागेल, कारण महिन्याच्या चार लाखांतून आयकर, कर्जाच्या मुद्दलाचा हप्ता आणि मालकाची घरखर्चाची उचल जाते आणि उरतात फार तर दीड लाख.

सगळ्याच धंद्यांचे चक्र असे लांब नसते. किराणा दुकानात ग्राहक काउंटरवरच पैसे देतो. २००२ मध्ये पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने या सोयीचा वेगळा उपयोग केला. विक्रीचा पैसा रोखीने येतो, मग पुरवठादारांचे पैसे ताणण्याऐवजी ते लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात खरेदीचा भाव कमी करून घ्यायचा. दारात आलेली रोकड कशासाठी वापरायची, हा व्यवस्थापनाचा निर्णय असतो. आधी चक्र मोजलेले असेल तरच तो घेता येतो.

ऑर्डर वाढली की अडचण का वाढते

विक्री वाढली की पैसा आपोआप वाढेल, ही समजूत सर्वांत महागात पडते. वरच्या कारखान्याला मोठ्या ग्राहकाकडून महिन्याला १० लाखांची जादा ऑर्डर मिळाली असे समजू. यंत्रे आणि माणसे तीच पुरतात, त्यामुळे स्थिर खर्च वाढत नाही. जादा खर्च ७ लाख आणि जादा नफा ३ लाख. कागदावर सौदा उत्तम आहे.

रोकडीच्या बाजूने पाहिले तर या ऑर्डरचा पहिला पत्रा आल्यानंतर पंधराव्या दिवशी त्याचे पैसे द्यायचे आणि पहिली वसुली १०५व्या दिवशी यायची. महिन्याला ७ लाख या दराने ९० दिवसांचे २१ लाख रुपये आधी घालावे लागतात. कंपनीकडे महिन्याला शिल्लक राहतात दीड लाख. म्हणजे ही ऑर्डर स्वतःच्या बळावर पेलायची तर चौदा महिन्यांची बचत आधी हाताशी हवी.

त्यात जीएसटीची भर. हा कर बिलाच्या तारखेवर द्यावा लागतो, वसुली झाली की नाही हे त्यात पाहिले जात नाही. ४० लाखांच्या विक्रीवर १८ टक्क्यांनी ७ लाख २० हजार कर होतो. कच्च्या मालावर भरलेल्या ४ लाख ३२ हजारांची वजावट घेतली तरी २ लाख ८८ हजार उरतात. मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागतात. ग्राहकाकडून तोच कर मिळायला तेव्हा अजून एक-दोन महिने असतात.

याचा अर्थ वाढ नको असा नव्हे. मोठी ऑर्डर स्वीकारण्याआधी तिच्यासाठी लागणारा पैसा कुठून येणार हे ठरलेले असावे. ग्राहकाकडून काही आगाऊ रक्कम मिळेल का? कच्चा माल ग्राहकानेच द्यावा आणि कारखान्याने फक्त जॉबवर्क करावे, असे जमेल का? पुरवठा दोन टप्प्यांत वाढवता येईल का? बँकेची मर्यादा आधी वाढवून मिळेल का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ नसेल तर ती ऑर्डर नफ्याची असूनही कंपनीला झेपणारी नसते.

पाच टक्क्यांची सवलत कितीला पडते

ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याने ‘पाच टक्के कमी करा’ म्हटले की होकार चटकन दिला जातो. पाच टक्के ऐकायला लहान वाटतात. वरच्या आकड्यांत ४० लाखांवर पाच टक्के म्हणजे २ लाख, आणि महिन्याचा नफा ४ लाख. एका होकारात निम्मा नफा गेला.

तो भरून काढायला किती माल जास्त विकावा लागेल? सवलतीनंतर तेवढ्याच मालाचे ३८ लाख येतात. त्यातून उत्पादनाबरोबर बदलणारा २८ लाखांचा खर्च गेला की स्थिर खर्च आणि नफा यांसाठी १० लाख उरतात. आधी हाच आकडा १२ लाख होता. पुन्हा १२ लाखांवर यायचे तर वीस टक्के जास्त माल काढावा लागेल. तेवढी ऑर्डर आहे का, प्रेसवर तेवढे तास आहेत का आणि वाढीव मालासाठी खेळते भांडवल आहे का, हे पाहूनच पाच टक्क्यांना होकार द्यावा.

याच आकड्यांवरून ना-नफा-ना-तोटा बिंदूही काढता येतो. शंभर रुपयांच्या विक्रीतून ७० रुपये बदलत्या खर्चात जातात आणि ३० उरतात. ८ लाखांचा स्थिर खर्च या तीस टक्क्यांतून निघण्यासाठी महिन्याला सुमारे २६ लाख ६७ हजारांची विक्री लागते. मंदीच्या महिन्यात विक्री किती घसरली तरी निभावेल, हे यावरून कळते. नवे भाड्याचे शेड घेताना किंवा पगारी माणूस वाढवताना हा आकडा किती वर सरकेल, हे आधी पाहावे. स्थिर खर्च एकदा वाढला की तो कमी करणे अवघड असते.

तेरा आठवड्यांचा तक्ता

वार्षिक अंदाजपत्रक दिशा दाखवते, पण पगाराचा प्रश्न ते सोडवत नाही. त्यासाठी तेरा आठवड्यांचा, म्हणजे एका तिमाहीचा रोकड तक्ता उपयोगी पडतो. तो साध्या एक्सेलमध्ये किंवा वहीतही मांडता येतो. डाव्या बाजूला आठवड्याची सुरुवातीची शिल्लक, मग येणारे पैसे, मग जाणारे पैसे आणि शेवटी उरलेली शिल्लक. आठवडा संपला की प्रत्यक्ष आकडे भरायचे आणि पुढचा एक आठवडा जोडायचा, म्हणजे समोर कायम तेरा आठवडे राहतात.

तक्त्यात विक्री लिहायची नसते, वसुली लिहायची असते. एखादा ग्राहक करारात ६० दिवस म्हणत असेल आणि प्रत्यक्षात ७५ दिवसांनी देत असेल, तर तक्त्यात पंचाहत्तरच धरायचे. जाणाऱ्या पैशांत बऱ्याच तारखा ठरलेल्या असतात. टीडीएस ७ तारखेला, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय १५ तारखेला, जीएसटी २० तारखेला. आगाऊ आयकराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला. त्यांत अंदाजित कराचा अनुक्रमे १५, ४५, ७५ आणि १०० टक्के भाग पुरा व्हावा लागतो. या तारखा वर्षभर आधी माहीत असतात, तरी दर वेळी त्या अचानक आल्यासारखी धावपळ होते.

दिवाळीच्या महिन्याचे चार आठवडे पाहू. सुरुवातीची शिल्लक ५ लाख. पहिल्या आठवड्यात वसुली १२ लाख. पगार ४, पत्रा ७ आणि टीडीएस अर्धा लाख गेले. उरले साडेपाच लाख. दुसऱ्या आठवड्यात वसुली १० लाख, पत्रा ७, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय १, वाहतूक व टूलिंग २, शिल्लक तीच. तिसऱ्या आठवड्यात वसुली १३ लाख. पत्रा ७, जीएसटी ३, वीज दीड आणि कर्जाचा हप्ता २ लाख. उरले ५ लाख. चौथ्या आठवड्यात ग्राहक कंपनीला सुट्टी, म्हणून वसुली फक्त ६ लाख. पत्रा ७ लाख, जॉबवर्कचे १ लाख, सणाआधी द्यायचा पगार ४ लाख आणि बोनस ४ लाख. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. त्यामुळे पूर्ण पगारावर बोनस दिला तर तो एका महिन्याच्या पगाराएवढा होतो. या आठवड्यात एकूण १६ लाख बाहेर गेले आणि शिल्लक उणे ५ लाख झाली.

ही तूट महिनाभर आधी दिसली तर तिच्यावर अनेक उपाय असतात. एका ग्राहकाला सुट्टीआधीच्या पेमेंट रनमध्ये बिल घालण्याची विनंती करता येते. पत्र्याची एक खेप आठवडाभर पुढे ढकलता येते. बँकेकडे तात्पुरत्या जादा मर्यादेसाठी वेळेत अर्ज देता येतो. तीच तूट धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी कळली तर हातउसने घेणे किंवा चढ्या व्याजाने कर्ज काढणे एवढेच उरते. तक्ता पैसा निर्माण करत नाही, पण पैशाची सोय करायला वेळ मिळवून देतो.

तक्त्याचे काम अकाउंटंटवर सोडून देण्यासारखे नसते. दर सोमवारी अर्धा तास कंपनीचा प्रमुख, खरेदी पाहणारा, विक्री पाहणारा आणि अकाउंटंट यांनी तो एकत्र बसून पाहावा. खरेदीवाल्याने भाव स्वस्त म्हणून दोन महिन्यांचा पत्रा उचलला तर पगाराच्या आठवड्यावर काय परिणाम होतो, हे त्याला तिथे दिसते.

वसुली बिलापासून सुरू होते

उशिरा येणाऱ्या पैशांचा दोष नेहमी ग्राहकाचाच नसतो. मोठ्या कंपन्यांत पैसे देण्याची मुदत बहुधा माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन झाल्यापासून मोजतात. बिलावर खरेदी आदेशाचा क्रमांक चुकला, भावातली सुधारणा आदेशात चढली नाही, चलन आणि बिल यांतली नगसंख्या जुळली नाही, की बिल बाजूला पडते आणि कोणी कळवतही नाही. पुरवठादार साठाव्या दिवशी फोन करतो तेव्हा बिल अजून नोंदलेच गेलेले नाही असे कळते. म्हणून पहिला फोन मुदत संपल्यावर करायचा नसतो. माल पोहोचल्यावर आठवडाभरात, जीआरएन झाले का आणि बिल मंजुरीला गेले का, हे विचारण्यासाठी तो करायचा असतो.

जीएसटीतली चूकही वसुली अडवते. पुरवठादाराने जीएसटीआर-१ मध्ये बिल वेळेत दाखवले नाही तर ग्राहकाला त्यावरच्या कराची वजावट मिळत नाही, आणि ती मिळेपर्यंत ग्राहक पैसे रोखून धरतो. ५ कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या पुरवठादाराला दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना ई-इनव्हॉइस सक्तीचे आहे. ते न काढता पाठवलेले बिल वैध धरले जात नाही. उलट बाजूने एक नियम पुरवठादाराच्या उपयोगी पडतो. ग्राहकाने १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्या बिलावर घेतलेली कराची वजावट त्याला व्याजासह उलटवावी लागते. पाचव्या महिन्यात पाठवायच्या स्मरणपत्रात हा मुद्दा जरूर घालावा.

येणी वयानुसार लावण्याची सवय असावी: ३० दिवसांपर्यंतची, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि त्याहून जुनी. एकूण येणे १ कोटी आहे, एवढ्याने काही कळत नाही. त्यातले १५ लाख नव्वद दिवसांच्या पुढचे आहेत आणि ते दोनच ग्राहकांकडे आहेत, हे कळले की कोणाकडे जायचे ते ठरते. रिजेक्शन आणि डेबिट नोटचे वादही लगेच मिटवावेत. पन्नास हजारांच्या वादापायी पाच लाखांचे बिल अडकून राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत.

कायदा काय देतो

सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ मध्ये उशिरा मिळणाऱ्या पैशांबाबत स्पष्ट तरतूद आहे. सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराचे पैसे करारातल्या तारखेपर्यंत द्यायचे, आणि करार काहीही असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे जायचे नाही. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. त्यासाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ हे संकेतस्थळही सुरू झाले. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते.

प्रत्यक्षात चालू ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला पुरवठादार धजत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच्याच हातात असते. म्हणून तक्रारीशिवाय काम करणाऱ्या तरतुदी जास्त मोलाच्या ठरतात. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात आणलेली, ४३बी(एच) या नावाने परिचित झालेली तरतूद त्यांपैकी एक. सूक्ष्म आणि लघू पुरवठादारांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी वजावट मिळते. त्यामुळे मार्चअखेरीस अशी बिले चुकती करण्यात खरेदीदाराचाही फायदा असतो. मध्यम उपक्रमांना ही तरतूद लागू नाही.

या सगळ्याचा लाभ घ्यायचा तर उद्यम नोंदणी पुरवठ्याआधी केलेली असावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्येच्या मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असलेला उपक्रम आता लघू गणला जातो.

वसुलीची वाट न पाहता पैसा मिळवण्याचा मार्ग म्हणजे ट्रेड्स. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज, इनव्हॉइसमार्ट असे मंच चालतात. पुरवठादाराचे बिल खरेदीदाराने मंचावर मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि सर्वांत कमी व्याजाची बोली स्वीकारून पुरवठादाराला पैसे मिळतात. मुदतीला खरेदीदार बँकेला पैसे देतो. त्याने चुकवले तरी पुरवठादाराकडे परत मागणी येत नाही. व्याजाचा दर खरेदीदाराच्या पतीवर ठरत असल्याने तो छोट्या कारखान्याच्या नेहमीच्या कर्जापेक्षा कमी पडू शकतो. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी सक्तीची आहे. मात्र प्रत्येक बिल तिथे मान्य करण्याची सक्ती नाही. त्यासाठी ग्राहकाशी बोलणी करावी लागतात.

बँकेशी व्यवहार

खेळत्या भांडवलासाठी बँक कॅश क्रेडिट देते. ५ कोटींपर्यंतच्या मर्यादेसाठी नायक समितीने सुचवलेली उलाढाल पद्धत वापरली जाते. अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के खेळते भांडवल लागेल असे धरायचे. त्यातले २० टक्के बँकेने आणि ५ टक्के मालकाने घालायचे. वरच्या कारखान्याची वार्षिक विक्री ४ कोटी ८० लाख. म्हणजे गरज १ कोटी २० लाख, बँकेचे ९६ लाख आणि मालकाचे २४ लाख. या सूत्रात तीन महिन्यांचे चक्र गृहीत आहे. ज्याचे चक्र पाच महिन्यांचे आहे त्याला ही मर्यादा कधीच पुरणार नाही, आणि त्याने बँकेला दोष देण्याआधी स्वतःचे चक्र तपासावे.

मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम यांतही फरक असतो. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून बँक ड्रॉइंग पॉवर काढते. साठा आणि येणी यांतून मार्जिन वजा होते आणि ठरावीक मुदतीपेक्षा, बहुधा नव्वद दिवसांपेक्षा, जुनी येणी धरलीच जात नाहीत. म्हणजे वसुली रखडली की पैसा दोन्हीकडून आटतो: ग्राहकाकडून येत नाही आणि बँकेकडून उचलता येत नाही. खाते मर्यादेच्या वर सलग ३० दिवसांहून जास्त राहिले की बँकेच्या देखरेख यादीत चढते आणि ९० दिवस ओलांडले की थकीत ठरते. त्यानंतर नवे कर्ज मिळणे जवळपास बंद होते.

इथे होणारी एक चूक बरीच सर्रास आहे: यंत्र कॅश क्रेडिटमधून घेणे. मुदत कर्जाची कागदपत्रे करायला वेळ लागतो आणि कॅश क्रेडिटमध्ये रक्कम मोकळी दिसते, म्हणून ३० लाखांची प्रेस त्यातूनच घेतली जाते. प्रेसचे पैसे परत यायला पाच वर्षे लागतात. खेळत्या भांडवलात मात्र त्याच दिवशी ३० लाखांचे भगदाड पडते. पाच वर्षांच्या वस्तूसाठी पाच वर्षांचे कर्ज आणि तीन महिन्यांच्या गरजेसाठी तीन महिन्यांचा पैसा, हा नियम पाळावा.

कोणावर किती अवलंबून राहायचे

सगळे गणित एकाच ग्राहकावर टेकलेले असेल तर तक्ता कितीही काळजीपूर्वक केला तरी धोका राहतो. साठसत्तर टक्के विक्री एकाच कंपनीला असेल तर भाव, मुदत आणि पुरवठ्याचे वेळापत्रक ती कंपनी ठरवते. तिच्या एका मॉडेलचे उत्पादन थांबले की पुरवठादाराचा कारखानाही थांबतो. दुसरा ग्राहक वर्षभरात तयार होत नाही. नमुने, तपासणी आणि मंजुरी यांतच महिने जातात. म्हणून मुख्य ग्राहकाचे काम जोरात असतानाच नव्यासाठी वेळ काढावा लागतो. सोबत निदान एका महिन्याचा स्थिर खर्च, म्हणजे या उदाहरणात ८ लाख रुपये, वेगळ्या ठेवीत असावेत आणि ते यंत्र किंवा जागेसाठी वापरू नयेत.

कंपनी चालवणाऱ्याने दर सोमवारी चार आकडे पाहावेत: बँकेतली शिल्लक आणि उरलेली ड्रॉइंग पॉवर, नव्वद दिवसांपुढची येणी, गोदामातला साठा किती दिवसांचा आहे आणि येत्या तेरा आठवड्यांत सर्वांत कमी शिल्लक कोणत्या आठवड्यात आहे. यासाठी महागडे सॉफ्टवेअर किंवा सल्लागार लागत नाही. ज्याला हे चार आकडे तोंडपाठ आहेत, त्याला मोठी ऑर्डर घेतानाही आत्मविश्वास असतो आणि नाकारतानाही.